‘नीती’ या एका शब्दाची दोन कामे

मराठी वर्तमानपत्रात ‘अनैतिक’ हा शब्द दिसला की त्याच्या पुढे बहुतेक वेळा ‘संबंध’ हाच शब्द असतो. दुधात भेसळ करणारा, लाच घेणारा, ठेवीदारांचे पैसे बुडवणारा यांच्या बातम्यांत भेसळ, भ्रष्टाचार, गैरव्यवहार असे शब्द येतात. ‘अनैतिक’ हे विशेषण मात्र स्त्री-पुरुष संबंधांसाठी राखून ठेवल्यासारखे वापरले जाते. ‘चारित्र्य’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. घरोघरी तो बहुधा बाईविषयी बोलताना निघतो आणि नोकरीसाठी पोलिसांकडून जे चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते मुख्यतः तुमच्याविरुद्ध गुन्हा नोंदलेला आहे की नाही एवढेच सांगते. इतका मोठा अर्थ असलेले शब्द इतक्या लहान जागेत कोंबले गेले, ही मला केवळ भाषेची हानी वाटत नाही. ज्या गोष्टीला नेमके नाव उरत नाही तिच्याविषयी वाद घालणेही अवघड होते, आणि नैतिकतेविषयी वाद घालता येणे ही कोणत्याही समाजाची गरज आहे. म्हणून नैतिकता म्हणजे काय आणि तत्त्वज्ञांनी तिची व्याख्या कशी केली आहे, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. ‘नीती’ हा शब्द ‘नी’ या संस्कृत धातूपासून आला आहे आणि आपले ‘नेणे’ हे क्रियापदही त्याच धातूचे आहे. नीती म्हणजे नेण्याची, चालवण्याची पद्धत. म्हणूनच राजनीती, युद्धनीती, कूटनीती हे शब्द आपण वापरतो तेव्हा त्यांत चांगुलपणा असेलच असे आपण धरून चालत नाही. युरोपीय भाषांतला इतिहासही याच्याशी जुळतो. ग्रीक भाषेत ‘एथोस’ म्हणजे सवय किंवा स्वभाव. त्यावरून बनलेल्या ग्रीक शब्दाला लॅटिनमध्ये प्रतिशब्द हवा म्हणून रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ‘मोरालिस’ हा शब्द घडवला. त्याचे मूळ असलेल्या ‘मोस’ या शब्दाचा अर्थ चालरीत, आणि इंग्रजीतला ‘मोरॅलिटी’ हा शब्द त्यातूनच आला. म्हणजे दोन्हीकडे शब्द निघाला तो ‘लोक कसे वागतात’ यातून. ‘लोकांनी कसे वागावे’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. हे दोन अर्थ आजही एकाच शब्दात शेजारी-शेजारी नांदत आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो.

आजचे तत्त्वज्ञ या दोन अर्थांना वर्णनात्मक आणि आदर्शात्मक अशी नावे देतात. अमेरिकन तत्त्वज्ञ बर्नार्ड गर्ट यांनी नैतिकतेच्या व्याख्येचा विचार करताना हीच विभागणी पायाशी ठेवली आहे. वर्णनात्मक अर्थाने नैतिकता म्हणजे एखाद्या समाजाने, गटाने किंवा व्यक्तीने आपली म्हणून स्वीकारलेली वर्तनाची नियमावली. हा अर्थ वापरणारा माणूस निरीक्षक असतो. त्या नियमावलीला तो चांगले म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. मानववंशशास्त्राला हा अर्थ लागतोच, कारण परक्या समाजाचा अभ्यास करताना आधी त्याचे नियम समजून घ्यावे लागतात. रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञ याच वाटेने बऱ्याच पुढे गेल्या. नैतिकता म्हणजे समाजाने मान्य केलेल्या सवयींना दिलेले एक सोयीचे नाव आहे, असे त्यांनी 1934 मध्ये लिहिले.

हे वाक्य पहिल्यांदा वाचताना उदार वाटते. आपलेच खरे असे त्यात कोणी म्हणत नाही. पण ते पुण्यात आणून 1848 या वर्षाशेजारी ठेवून पाहावे. त्या वर्षी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. मुलींनी शिकू नये, शूद्रातिशूद्रांनी तर मुळीच शिकू नये, हा त्या वेळच्या शहरातील वजनदार लोकांना मान्य असलेला नियम होता आणि तो मोडला म्हणून सावित्रीबाईंना रस्त्यात चिखल-शेणाचा मारा सोसावा लागला. नैतिकता म्हणजे समाजाने मान्य केलेली सवय एवढाच अर्थ धरला, तर त्या दिवसांत अनीतीने वागणारी माणसे फुले दांपत्य ठरतात आणि शेण फेकणारे नीतीचे रक्षक ठरतात. इतकेच नाही, तर ‘पुण्याची तेव्हाची नीतीच चुकीची होती’ हे वाक्यही अर्थहीन होते, कारण जी मोजपट्टी वापरून चूक दाखवायची तीच चुकली असे म्हणण्याला जागा उरत नाही. पण आपण हे वाक्य बोलतो आणि ते ऐकणाऱ्याला कळते. याचाच अर्थ असा की नैतिकतेचा दुसरा, म्हणजे आदर्शात्मक, चालू नियमावलीच्या बाहेर उभा राहून तिला जाब विचारणारा अर्थ आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1739-40 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘आहे’ आणि ‘असावे’ यांमधली फट दाखवून दिली होती. लेखक देव आहे, माणूस असा आहे, जग तसे आहे अशी वाक्ये लिहीत जातात आणि मध्येच, काहीही न सांगता, असे असावे आणि तसे नसावे अशी वाक्ये लिहू लागतात. हा सांधा कसा जुळला याचे कारण कोणी देत नाही, ही त्यांची तक्रार होती. आपल्या घरांतल्या अनेक वादांना ही तक्रार लागू पडते. ‘आपल्यात असे करत नाहीत’ हे ‘आहे’चे वाक्य आहे. ते बरोबर असले तरी ‘म्हणून तू करू नये’ हे त्यातून आपोआप निघत नाही. मधली पायरी कोणीतरी बांधावी लागते, आणि ती बांधण्याची जबाबदारी मनाई करणाऱ्यावर येते.

माझे निरीक्षण असे आहे की साध्या मराठी बोलण्यात हे दोन अर्थ दोन वेगळ्या शब्दांनी सांभाळले जातात. रीत, चाल, वळण, जनरीत हे शब्द पहिल्या अर्थासाठी आहेत. दुसऱ्या अर्थासाठी सामान्य माणूस ‘नैतिकता’ हा शब्द क्वचितच वापरतो; तो ‘माणुसकी’ म्हणतो. ‘रीत काहीही असो, माणुसकी म्हणून तरी’ हे वाक्य बोलणारी आजीबाई वर्णनात्मक आणि आदर्शात्मक या दोन अर्थांतला फरक अचूक ओळखत असते. ‘माणुसकी’ या शब्दाला मर्यादाही आहेत. प्राण्यांसाठी आपल्याला ‘भूतदया’ हा वेगळा शब्द लागतो, आणि जे केलेच पाहिजे ते व जे केले तर फार चांगले ते, या दोन्ही गोष्टी माणुसकीत एकत्र येतात. तिकडे पुढे वळू.

आता अधिक अवघड प्रश्न. नियम तर नाना प्रकारचे असतात: वाहतुकीचे, जेवायला बसण्याचे, सोवळ्याओवळ्याचे, व्याकरणाचे. त्यांतले नैतिक कोणते, हे कशावरून ओळखायचे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इलियट ट्युरिएल यांनी लहान मुलांना प्रश्न विचारून याचे एक उत्तर शोधले आणि 1983 मध्ये ते विस्ताराने मांडले. त्यांची पद्धत इतकी सोपी आहे की मी ती माझ्या आठ वर्षांच्या भाचीवर वापरून पाहिली. बाईंनी सांगितले की उद्यापासून गणवेश नको, तर रंगीत कपडे घालून जाणे चूक का, असे विचारल्यावर ती लगेच ‘नाही’ म्हणाली. मग विचारले, बाईंनी सांगितले की शेजारच्या मुलीला ढकलले तरी चालेल, तर? ती म्हणाली, “बाई असं सांगणारच नाहीत.” समज सांगितलेच तर, असे पुन्हा विचारल्यावर तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पण मामा, तिला लागेलच ना!” ट्युरिएल यांना मुलांत आढळलेला फरक हाच होता. काही नियम कोणीतरी घातलेले असतात, त्यामुळे घालणाऱ्याला ते काढूनही घेता येतात. काही चुका मात्र परवानगी मिळाल्याने पुसल्या जात नाहीत, कारण त्या कोणाला तरी होणाऱ्या इजेवर किंवा अन्यायावर उभ्या असतात.

हे उत्तर मला मनापासून पटते, पण ते पुरे पडत नाही, आणि का पडत नाही हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथील लोकांची तुलना करणारा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध केला. विधवेने मासे खाणे यासारखी गोष्ट शिकागोत कोणाला नैतिक प्रश्न वाटत नव्हती, पण भुवनेश्वरच्या अनेकांना ती गंभीर आणि कुठेही केली तरी चूकच वाटत होती. पुण्याला यासाठी ओडिशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या ठिकाणी काही मान्यवर मंडळींना व्याख्यानासाठी बोलावून चहा-बिस्किटे देण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे छापून आली, गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या गोष्टी झाल्या. आज त्याच शहरात चहा हा आदरातिथ्याचा पहिला घोट आहे. त्या चहाने कोणालाही इजा झाली नव्हती. तरीही ज्यांना तो पाप वाटला ते ढोंगी होते असे म्हणता येत नाही. त्यांच्या दृष्टीने तो खरोखर नैतिक प्रश्न होता. म्हणजे कोणता नियम नैतिक वाटतो हेसुद्धा समाजागणिक बदलते. पण नैतिक वाटणे म्हणजे नैतिक असणे आहे का? येथे आपण पुन्हा त्या पहिल्या दुहेरी अर्थापाशी येतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी 1785 मध्ये नैतिक नियमाची खूण त्याच्या घडणीत शोधली. बहुतेक सल्ल्यांमागे एक ‘तर’ असतो: गुडघे शाबूत ठेवायचे असतील तर रोज चाला, धंदा वाढवायचा असेल तर गिऱ्हाईक जपा. इच्छाच नसेल तर सल्ला गळून पडतो. नैतिक आदेशाला असा ‘तर’ नसतो. कान्ट यांचे एक उदाहरण आपल्या हातउसन्या पैशांसारखे आहे. परत देता येणार नाहीत हे ठाऊक असूनही ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असे सांगून पैसे घ्यावेत का? कान्ट सांगतात, हा नियम सर्वांसाठी करून पाहा. अडचणीतला प्रत्येक जण असे खोटे वचन देऊ लागला, तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि हातउसने हा व्यवहारच संपेल. ज्या नियमाने वागायचे तोच सर्वांनी पाळला की आपोआप मोडतो, तो नियम नैतिक असू शकत नाही.

सर्वांना सारखा लागू होणे ही खूण आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे यम, म्हणजे संयमाचे नियम, सांगून झाल्यावर लगेच पुढचे सूत्र म्हणते की जात, देश, काळ आणि प्रसंग यांनी न अडलेले यम हे सार्वभौम महाव्रत होय. जुन्या भाष्यात याचा खुलासा करताना कोळ्याचे उदाहरण दिले आहे: मी फक्त मासेच मारीन, इतर कशाची हिंसा करणार नाही, असे म्हणणाऱ्याची अहिंसा जातीने अडलेली आहे. धर्मशास्त्रानेही सर्वांचा सामान्य धर्म आणि वर्णाश्रमाप्रमाणे बदलणारा विशेष धर्म असा भेद केला. दुःखाची गोष्ट एवढीच की सामान्य धर्म थोड्या ओळींत आटोपला आणि विशेष धर्माने ग्रंथ भरले.

कान्ट यांच्या खुणेवर ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी 1972 मध्ये बोट ठेवले. शिष्टाचाराच्या नियमांनाही ‘तर’ नसतो, हे त्यांनी दाखवले. मोठ्यांसमोर पाय पसरून बसू नये, हे तुमची इच्छा विचारून कोणी सांगत नाही. त्याआधीच त्यांनी दुसऱ्या टोकाकडूनही आक्षेप घेतला होता: दर तासाला तीन वेळा हात जुळवणे हेच सत्कर्म, असा नियम कोणी कितीही मनापासून सर्वांना लागू केला, तरी मागे काही कारण असल्याशिवाय आपण त्याला नैतिक मत म्हणणार नाही. नैतिकतेचा माणसाच्या हिताशी आणि अहिताशी संबंध असावाच लागतो. येथे मी फूट यांच्या बाजूचा आहे. केवळ साचा पाहून नीती ओळखता येत नाही, आत काय ओतले आहे ते पाहावे लागते.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1861 मध्ये वेगळी खूण दिली. एखादे कृत्य आपण चूक म्हणतो, तेव्हा ते करणाऱ्याला काहीतरी शिक्षा व्हायला हवी असे आपल्याला सुचवायचे असते. कायद्याने नाही तर लोकांच्या मताने, तेही नाही तर त्याच्याच सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीने. मराठीत या तिन्ही पायऱ्यांना तयार शब्द आहेत: खटला भरतील, लोक नावे ठेवतील, मन खाईल. आपण मधल्या पायरीला नको तेवढे महत्त्व दिले, हे ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याच्या वापरावरून दिसते.

तिसरी पायरी मी एकदा मंडईत पाहिली. पावसाळ्याचे दिवस होते, हातातल्या नोटा दमट झाल्या होत्या, आणि मेथीचे पैसे देताना शंभराच्या दोन नोटा एकमेकींना चिकटून गेल्या. मी चार गाळे पुढे गेलो असेन, तेवढ्यात मागून हाक आली. भाजीवाल्या मावशी ओट्यावरून उतरून ओल्या फरशीवर उभ्या होत्या. “ओ दादा, दोन आल्यात चिकटून,” म्हणत त्यांनी नोट पुढे केली. मी आभार मानू लागलो तर म्हणाल्या, “आभार कसले, तुमचंच आहे ते. दुसऱ्याचं ठेवलं तर पचत नाही.” आणि वर माझ्या पिशवीत कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकल्या. नोट परत देणे आणि कढीपत्ता देणे ही दोन्ही चांगली कामे, पण मिल यांच्या कसोटीने ती एका जातीची नाहीत. नोट ठेवून घेतली असती तर मन खायला हवे होते. कढीपत्ता दिला नसता तर कोणालाही, त्यांच्या मनालाही, काही म्हणता आले नसते. नोट हे कर्तव्य होते आणि कढीपत्ता चांगुलपणा. माणुसकी या शब्दात मिसळून जाणारे हे दोन धागे मावशींनी मात्र स्वच्छ वेगळे ठेवले होते. त्यांना आभार नको होते ते पहिल्याचेच.

याच मिल यांच्यावरून पुण्यात मोठा वैचारिक संघर्ष होऊन गेला आहे. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या आगरकरांनी मिल आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांच्या विचारांच्या आधाराने रूढींना बुद्धी आणि मानवी सुख यांच्या कसोटीवर घासले. टिळकांनीही हेच ग्रंथकार वाचले होते, पण मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी सुखाच्या बेरजेवर उभी असलेली नीती अपुरी ठरवली. कर्माच्या बाहेरच्या परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी शुद्ध आणि सम आहे की नाही हे महत्त्वाचे, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि तो मांडताना त्यांनी कान्ट यांचीही साक्ष काढली. दोघांचे सामाजिक मतभेद सर्वांना पाठ आहेत. पण नीती म्हणजे काय या प्रश्नावरही ते वेगळे होते, आणि त्या प्रश्नावर मराठीत इतक्या ताकदीने लिहिले गेले होते, हे शाळेत फारसे कोणी सांगत नाही.

गर्ट यांनी स्वतः दिलेली व्याख्या मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यांच्या मते नैतिकता ही एक अनौपचारिक सार्वजनिक व्यवस्था आहे; ती सर्व विचारक्षम माणसांना लागू होते, इतरांवर परिणाम करणाऱ्या वागण्याचे नियमन करते आणि इजा कमी करणे हा तिचा हेतू असतो. ‘अनौपचारिक’ म्हणजे तिला न्यायाधीश नसतो. गल्लीतले क्रिकेट आठवावे. पंच नसतो, एक टप्पा बाद की नाही हे आधी ठरलेले असते आणि वाद झालाच तर सगळ्यांनी मिळून मिटवायचा असतो. कधी कधी तो मिटतही नाही. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ याहून महत्त्वाचा आहे. ज्यांना व्यवस्था लागू होते त्या सर्वांना ती ठाऊक असली पाहिजे, आणि तिच्याप्रमाणे वागणे त्यांच्यापैकी कोणालाही अविचाराचे ठरता कामा नये. खेळाचे नियम अर्ध्या खेळाडूंपासून लपवून ठेवायचे आणि मग त्यांनाच बाद द्यायचे, याला खेळ म्हणत नाहीत.

ही अट एखाद्या नियमावलीला लावली की काय होते, हे गर्ट यांच्या जन्माच्या कितीतरी आधी फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने दाखवून दिले होते. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद ही ब्राह्मणांचीच मत्ता असून त्यांनीच ते पाहावेत असे ते म्हणतात, मग वेदाप्रमाणे वागणे हा त्यांचा धर्म झाला. आणि ज्यांना धर्माचे पुस्तक पाहण्याचीसुद्धा मोकळीक नाही ते आम्ही धर्मरहितच आहोत हे उघड दिसत नाही का, असा प्रश्न तिने त्यात विचारला आहे, आणि पुढे देवालाच विनवले आहे की तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू.